१९ प्रश्न, ४,१९,५१५ संशयित

रहस्यपटाला लागणारा सगळा ऐवज कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आयता मांडून ठेवलेला आहे. बोरघाट आणि त्यातले बोगदे, आषाढात चार-चार दिवस न उघडणारा पाऊस, धुक्यात गडप होणारा इर्शाळगड, कुंपणाआड दिवे मालवलेली फार्महाऊस, मध्यरात्रीनंतर जवळजवळ रिकामी येणारी कर्जत लोकल आणि रात्रंदिवस वाहता एक्स्प्रेस वे. एवढ्याने भागले नाही तर चौकजवळ हातनोलीला ५२ एकरांचा एन. डी. स्टुडिओ आहे. तिथे हवी ती पेठ, हवा तो वाडा उभा करता येतो.

अशा चित्रपटातला इन्स्पेक्टर साधारण अडीच तासांत खुनी पकडतो. मध्यंतरापर्यंत त्याचा संशय चुकीच्या माणसावर असतो, मध्यंतरानंतर एक बटण किंवा सिगारेटचे थोटूक सापडते आणि पुढच्या पाऊण तासात कोडे सुटते. आपण हीच गोष्ट आकडे हातात घेऊन पाहू. एक अनोळखी खुनी या दोन तालुक्यांत सोडून देऊ आणि त्याला शोधायचे म्हणजे नेमके किती काम, याचा हिशेब मांडू.

दहा मिनिटांची चौकशी, २४ वर्षांचे काम

२०११च्या जनगणनेत कर्जत तालुक्याची लोकसंख्या २,१२,०५१ आणि खालापूरची २,०७,४६४ होती. बेरीज ४,१९,५१५. त्यानंतर वस्ती वाढली आहे, पण हिशेबाला अधिकृत आकडा बरा. बाहेरून आलेले पर्यटक, रसायनी-खोपोलीच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार, वाटसरू यांना तूर्त बाजूला ठेवू.

समजा, प्रत्येकाची फक्त १० मिनिटे चौकशी करायची. नाव, गाव, त्या रात्री कुठे होता, सोबत कोण होते, झाले. ही चौकशी एकूण ६९,९१९ तासांची होते. रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता एकच अधिकारी बसला तर त्याला ८,७४० दिवस लागतील, म्हणजे जवळजवळ २४ वर्षे. पहिल्या दिवशी तो नवा उपनिरीक्षक असेल, शेवटच्या दिवशी पन्नाशीच्या उंबरठ्यावर.

फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल तर पोलिसांना ९० दिवसांत आरोपपत्र दाखल करावे लागते, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. तेवढीच मुदत शोधासाठी दिली असे धरू. मग त्या ९० दिवसांत बाकी सगळी कामे सोडून बसलेले ९८ अधिकारी लागतील. बंदोबस्त, कोर्टाच्या तारखा, घाटातले अपघात, हरवल्याच्या तक्रारी यांतले काहीही त्यांनी पाहायचे नाही. शिवाय खुनी 'मीच केला' असे दहा मिनिटांत सांगणार नाहीच.

वर्तुळ वाढत जाते

हे सगळे खुनी जागेवर बसून राहिला तर. तो पळाला, की आकडे आणखी बिघडतात.

कर्जत स्टेशन हा मध्यबिंदू धरा. माणूस ताशी चार किलोमीटर चालतो असे मानले तर तासाभरात तो सुमारे ५० चौरस किलोमीटरच्या वर्तुळात कुठेही असू शकतो. तीन तासांत हे क्षेत्र तिप्पट न होता नऊपट होते, ४५२ चौरस किलोमीटर. माथेरान त्यात आले. पाच तासांनी १,२५७ चौरस किलोमीटर, आणि वर्तुळ लोणावळ्यापर्यंत पोहोचले.

आता त्याला गाडी द्या. ताशी ८० किलोमीटरने अर्ध्या तासात वर्तुळ ५,०२७ चौरस किलोमीटरचे होते, तासाभरात २०,१०६ चौरस किलोमीटरचे. रायगड जिल्हा ७,१५२ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे तासाभरात जवळजवळ तीन रायगड. तीन तासांत हे क्षेत्र एक लाख ऐंशी हजार चौरस किलोमीटरच्या पुढे जाते, अर्ध्याहून अधिक महाराष्ट्राएवढे. रस्ते सरळ नसतात आणि पश्चिमेला समुद्र आहे, त्यामुळे हे वर्तुळ कागदावरचे. पण नाकाबंदीचा आदेश निघायला लागलेली वीस मिनिटे एवढी महाग का पडतात, ते त्यातून कळते. वेळ दुप्पट झाला की शोधायची जमीन चौपट होते.

कर्जत तर पळणाऱ्याच्या सोयीचे ठिकाण. इथून रेल्वे चार दिशांना जाते: कल्याणकडे, खोपोलीकडे, पनवेलकडे आणि घाट चढून पुण्याकडे. घाटाची चढण ३७ मीटरला एक मीटर इतकी खडी आहे. मागून ढकलायला बँकर इंजिने लागतात आणि ती कर्जतला जोडली जातात. म्हणून पुण्याकडच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या इथे थांबतात. प्रवासी खाली उतरून वडापाव घेतात, दोन-चार मिनिटांत गाडी हलते. तेवढ्या वेळात चढलेल्या एका माणसाची आठवण कुणाला राहणार?

निम्मे, निम्मे, निम्मे

मग खुनी सापडतो कसा? माणसे एकेक करून तपासली तर सापडत नाही, घाऊक वगळली तर सापडतो.

पहिला प्रश्न अगदी साधा घेऊ: तो कर्जत तालुक्यातला की खालापूरचा? दोन्हींची लोकसंख्या जवळजवळ सारखी आहे, त्यामुळे या एका उत्तरात दोन लाखांवर माणसे निर्दोष ठरून घरी जातात. पुढचा प्रश्न, पुरुष की स्त्री? उरलेल्यांतले निम्मे गेले. वय चाळिशीच्या आत की बाहेर? डावखुरा की उजवा? हा प्रश्न निम्मे करत नाही, पण उत्तर 'डावखुरा' आले तर दहांतले नऊ एकदम जातात.

प्रत्येक प्रश्न बरोबर निम्मी माणसे वगळतो असे धरा. १० प्रश्नांनंतर ४,१९,५१५ पैकी ४१० माणसे उरतात, १५ प्रश्नांनंतर १३. एकोणिसावे उत्तर मिळाले की एकच. चोवीस वर्षांचे काम एकोणीस प्रश्नांत आटोपले.

आणि आता खरी चक्रावणारी गोष्ट. खुनी दोन तालुक्यांतला नसून १४० कोटींच्या भारतातला कुणीही असेल तर किती प्रश्न लागतील? ३१. आणि पृथ्वीच्या पाठीवरचा कुणीही असेल तर? ३३. दोनाचा तेहेतिसावा घात ८ अब्ज ५८ कोटींच्या पुढे जातो, जगाची लोकसंख्या अजून त्याच्या आत आहे. कर्जत-खालापूर ते सारे जग हे अंतर फक्त १४ प्रश्नांचे आहे.

हल्ली पोलीस 'टॉवर डंप', म्हणजे ठरावीक वेळी एका टॉवरवर असलेल्या सगळ्या मोबाइलची यादी, घेतात ती याच गणितावर. समजा, घटनेच्या तासात खालापूर टोलनाक्याच्या टॉवरवर २०,००० मोबाइल होते आणि गाडी जिथे सोडून दिलेली सापडली तिथल्या टॉवरवर आणखी २०,०००. दोन्ही याद्यांत असलेले क्रमांक किती? एक्स्प्रेस वेवरून सरळ निघून गेलेले हजारो दुसऱ्या यादीत नसतात, तिथले रहिवासी पहिल्या यादीत नसतात. चाळीस हजारांतून शे-पन्नास उरतात. तिसरे ठिकाण कळले तर दोन-चार. मग त्यांचे कॉल-तपशील (सीडीआर) काढायचे आणि दार ठोठावायचे.

दहा बोटे, १,०२४ कप्पे

ही निम्मे करण्याची युक्ती संगणकाच्या आधीपासून वापरात आहे आणि तिचा मोठा वाटा आपल्याच देशातला आहे.

बोटांचे ठसे दोन माणसांचे सारखे नसतात हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांना पटू लागले होते. फ्रान्सिस गाल्टनच्या अंदाजाने दोन ठसे जुळण्याची शक्यता ६४ अब्जांत एक होती. पण ठसा अद्वितीय असून उपयोग काय? कपाटात लाखभर कागद असतील तर त्यातला नेमका हवा तो काढायचा कसा? बंगाल पोलिसांत एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली काम करणाऱ्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी हा गुंता सोडवला. प्रत्येक बोटाला एकच प्रश्न विचारायचा: ठशात चक्र आहे की नाही? दहा बोटे, दहा प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरे. दोनाचा दहावा घात १,०२४. म्हणून ३२ गुणिले ३२ असे १,०२४ कप्पे केले. ठसा हातात आला की कारकून थेट त्या कप्प्यापाशी जाणार. १८९७ साली कोलकात्यात ठसे विभाग सुरू झाला आणि १९०१ साली स्कॉटलंड यार्डने हीच पद्धत उचलली. जगभर तिला नाव मिळाले हेन्रीचे.

आज राष्ट्रीय ठसे प्रणालीत एक कोटीहून अधिक लोकांचे ठसे आहेत आणि शोध संगणक घेतो. त्याच्या जोडीला डीएनए आला. चाचणीला एक नॅनोग्रॅम डीएनए पुरतो, म्हणजे सुमारे दीडशे पेशी. माणसाच्या शरीरात पेशी तीस लाख कोटींच्या वर. एवढ्या मोठ्या शरीराने हाताळलेल्या प्रत्येक वस्तूवर दीडशे पेशी सोडू नयेत, ही खुन्याची खरी परीक्षा.

एक उत्तर चुकले तर

मग एवढी साधने असताना खुनी निसटतात कसे? १९ प्रश्नांच्या गणितात एक अट दडलेली आहे. सगळी उत्तरे बरोबर असली पाहिजेत.

समजा, प्रत्येक उत्तर बरोबर असण्याची शक्यता ९५ टक्के आहे. पावसाळी रात्री, दहा मीटरवरून, अर्धवट झोपेतून उठलेल्या साक्षीदाराकडून एवढी अचूकता मिळाली तर तपासी अंमलदार नारळ फोडेल. पण ९५ टक्क्यांची १९ उत्तरे ओळीने बरोबर येण्याची शक्यता फक्त ३८ टक्के आहे. म्हणजे दर आठ तपासांपैकी पाचांत खरा खुनी मधेच कुठेतरी 'निर्दोष' म्हणून घरी गेलेला असतो, आणि शेवटी उरलेला माणूस भलताच असतो. अचूकता ९९ टक्के केली तरी शक्यता ८३ टक्क्यांवर थांबते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडच्या यॉर्कशायरमधले. पीटर सटक्लिफने १९७५ ते १९८० या काळात १३ स्त्रियांचे खून केले. तपासात जमलेल्या कार्डांवरची नावे अडीच लाखांच्या घरात गेली, आणि कागदांच्या वजनाने तपासकक्षाची जमीन मजबूत करून घ्यावी लागली असे सांगतात. १९७७ साली एका मृत स्त्रीच्या पर्समध्ये पाच पौंडांची कोरी नोट सापडली. बँकेच्या नोंदींवरून ती सुमारे ८,००० कामगारांपैकी कुणाच्या तरी पगारात गेलेली असणार, इथपर्यंत पोलीस पोहोचले. म्हणजे सगळ्या देशातून आठ हजारांवर. आपल्या हिशेबाने आता फक्त १३ प्रश्न उरले. सटक्लिफ त्या आठ हजारांत होता, पोलीस त्याच्याशी बोललेही आणि निघून आले. पाच वर्षांत त्याची नऊ वेळा चौकशी झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इतकी मोजून-मापून खरी झालेली विरळाच.

चुकीचे उत्तर कुठून आले? १९७९च्या जूनमध्ये पोलिसांकडे एक ध्वनिफीत आली. बोलणारा म्हणाला, मीच खुनी. त्याची बोली सुंदरलँडकडची होती. पोलिसांनी ती खरी मानली आणि वगळण्याच्या प्रश्नांत एक भर पडली: संशयित सुंदरलँडच्या बोलीत बोलतो का? सटक्लिफ ब्रॅडफर्डचा. तो सुटला आणि त्यानंतर आणखी तिघींचा बळी गेला. फीत पाठवणारा निव्वळ भंकस करणारा होता, हे २००५-०६ साली डीएनएवरून सिद्ध झाले. सटक्लिफ सापडला तो १९८१च्या जानेवारीत, शेफिल्डमध्ये गस्तीवरच्या पोलिसांना त्याच्या गाडीची नंबरप्लेट खोटी वाटली म्हणून.

या फजितीतून ब्रिटिश पोलिसांनी मोठ्या तपासांसाठी संगणक प्रणाली उभी केली आणि तिचे नाव असे जुळवले की त्याची आद्याक्षरे 'होम्स' व्हावीत. खऱ्या पोलिसांना शेरलॉक लागला तो कार्डे लावण्यासाठी.

जीआयपीच्या रुळांशेजारी

आपल्याकडेही हेच घडले होते, आणि कर्जतच्याच रुळांच्या दुसऱ्या टोकाला. कर्जतला येणारी लाइन मूळची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. १९५१ साली तिची मध्य रेल्वे झाली, तरी लोक बरीच वर्षे जीआयपीच म्हणत. १९६५-६६ साली मुंबईच्या पूर्व उपनगरांत या लाइनच्या आसपास झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेल्या १९ जणांवर हल्ले झाले. ९ जण मरण पावले. हत्यार बोथट आणि जड, वेळ रात्रीची. चोरी जवळजवळ नाही. ओळख, वैर, भांडण यांतले काही नाही.

१९७१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ५९,७०,५७५ होती. म्हणजे २३ प्रश्नांचे काम. पण यातले हुकमी प्रश्नच इथे चालेनात. 'मृताशी कुणाचे वैर होते?' कुणाचेच नाही. 'मेल्याने कुणाचा फायदा झाला?' कुणाचा नाही. 'शेवटचे कुणासोबत पाहिले?' तो एकटा झोपला होता. एरवी या तीन प्रश्नांतच लाखांची दहा-वीस माणसे होतात. ते बाद झाले की तपास पुन्हा साठ लाखांवर येऊन बसतो.

त्या पहिल्या मालिकेच्या वेळीच पोलिसांनी त्या भागात घुटमळणाऱ्या एका माणसाला हटकले होते. दरोड्यासाठी तुरुंगात जाऊन आलेला, पोलीस दप्तरी नोंद असलेला. पण हल्लेखोराला कुणी पाहिले नव्हते, पुरावा नव्हता. त्याला सोडावे लागले. त्याचे नाव रमण राघव. सिंधी दलवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी अशीही नावे त्याला होती, त्यामुळे 'नाव काय?' हा प्रश्नसुद्धा काही वगळू शकत नव्हता.

१९६८ साली खून पुन्हा सुरू झाले, या वेळी उत्तर उपनगरांत. तपासाची सूत्रे गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. या वेळी कोण हवा आहे ते ठरले होते, फक्त तो कुठे आहे ते ठाऊक नव्हते. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अॅलेक्स फियाल्हो यांनी डोंगरीत एका पादचाऱ्याला ओळखले, ते छायाचित्र आणि वर्णन डोक्यात ठेवून. खाकी अर्धी चड्डी, बुशशर्ट, दोन्हींवर रक्ताचे डाग, बूट चिखलाने भरलेले. झडतीत मिळालेल्या वस्तू अशा: चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि गणिती आकडे लिहिलेले दोन कागद. तो माणूस कोण, याचे उत्तर त्याच्या तोंडून येण्याआधी ठसे विभागाने दिले. जुन्या दप्तरातले ठसे जुळले. दहा बोटांचे दहा प्रश्न इथे कामी आले.

नंतर त्याने ४१ खुनांची कबुली दिली. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने नेमलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला असाध्य मनोविकार असल्याचा निर्वाळा दिला आणि १९८७ साली शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ साली तो पुण्याच्या ससून रुग्णालयात वारला. श्रीराम राघवनने १९९१ साली त्याच्यावर चित्रपट केला. अनुराग कश्यपच्या २०१६च्या 'रमण राघव २.०'ने तर नाव घेऊन गोष्ट आजच्या काळात नेली. ४१ या आकड्याचे आकर्षण सुटत नाही. पण तपासाच्या दृष्टीने या प्रकरणात लक्षात ठेवायचा आकडा आहे १: तो पहिल्याच फेरीत एकदा हाताला लागला होता.

९९.९ टक्क्यांचा सापळा

'एवढी अचूक चाचणी आहे तर सगळ्यांचीच करून टाका' असे कुणीतरी म्हणतेच. तर ९९.९ टक्के अचूक चाचणी घेऊ. हजार निर्दोषांत फक्त एकावर ती चुकून बोट ठेवते. दोन तालुक्यांत ती सगळ्यांवर चालवली तर ४२० निर्दोष माणसे खुनी ठरतील. चाचणीने पकडलेला कुणीही एक माणूस खरोखर खुनी असण्याची शक्यता पाव टक्क्याहून कमी. 'दहा लाखांत एक' हा शब्दप्रयोग कोर्टात भारदस्त वाटतो, पण १४० कोटींच्या देशात त्याचा अर्थ १,४०० माणसे असा होतो. म्हणून जुळलेला नमुना हा तपासाचा शेवट नसतो. तो माणूस त्या रात्री तिथे होता का, हे वेगळ्या वाटेने सिद्ध करावे लागते. आजच्या २० जागा तपासणाऱ्या डीएनए चाचणीत योगायोगाला जवळजवळ वाव नाही हे खरे, पण नमुना त्याच माणसाचा असेल तर. १९८७ साली इंग्लंडमध्ये लेस्टरशायरच्या खेड्यांत साडेपाच हजार पुरुषांचे नमुने तपासले, एकही जुळला नाही. खुनी कॉलिन पिचफोर्कने आपल्या जागी सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवले होते. चाचणी शंभर टक्के बरोबर, माणूस चुकीचा.

आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न असतो, ज्याच्याशिवाय मोजायला सुरुवातच होत नाही: मेले कोण? खालापूरला लागून असलेल्या पेण तालुक्यात, गागोद्यात, २३ मे २०१२ रोजी जळालेल्या अवस्थेत एक अनोळखी मृतदेह मिळाला. नमुने तपासणीला गेले. कुणी विचारायला आले नाही. ती शीना बोरा होती, हे जगाला कळायला २०१५चा ऑगस्ट उजाडला. तीन वर्षांवर काळ हे प्रकरण शून्य प्रश्नांवर उभे होते. मृताचे नाव कळले, आणि काही दिवसांत संशयितांची संख्या एका हाताच्या बोटांवर आली. खटला अजून न्यायालयात आहे.

खरा खून किती मोठा असतो?

आता पुन्हा खालापुरात येऊ. अष्टविनायकांतल्या वरदविनायकाचे महड याच तालुक्यात. १८ जून २०१८ रोजी तिथे एका घराच्या वास्तुशांतीचे जेवण झाले आणि रात्री माणसे कोसळू लागली. ऐंशीहून अधिक जण रुग्णालयात गेले, पाच जण दगावले, त्यांत लहान मुले होती. सुरुवातीला सगळे अन्नातून विषबाधा असेच म्हणत होते. तपासणीत वरणात कीटकनाशक मिळाले, आणि अपघाताचा खून झाला.

इथे मोजणी ४,१९,५१५ पासून सुरू होत नाही. पंगतीला दोन-अडीचशे माणसे धरली तरी आठ प्रश्नांचे काम. स्वयंपाकाच्या जागी वावरलेली पंधरा-सोळा धरली तर चार प्रश्नांचे. आठवड्याच्या आत पोलिसांनी नात्यातल्याच एका महिलेला अटक केली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार कारण होते घरात होणारा अपमान: रंगावरून, स्वयंपाकावरून मारलेले टोमणे.

देशाचा आकडा हेच सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०२२ साली भारतात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदवले. रोज ७८, दर साडेअठरा मिनिटांना एक. अडीच तासांचा रहस्यपट संपेपर्यंत आठ. जगात २०२१ साली ४ लाख ५८ हजार माणसांची हत्या झाली, ताशी ५२. भारतातल्या २८,५२२ पैकी ९,९६२ गुन्ह्यांचे कारण 'वाद' असे नोंदले आहे, ३,७६१चे वैयक्तिक वैर. लाभासाठी केलेले १,८८४. म्हणजे जवळजवळ निम्म्या खुनांत मृत आणि मारणारा एकमेकांना ओळखत होते, भांडलेले होते आणि ते भांडण चार लोकांना ठाऊक होते.

महाराष्ट्रात त्या वर्षी २,२९५ खून नोंदले गेले. राज्याच्या सरासरीने हिशेब केला तर कर्जत-खालापूरएवढ्या वस्तीच्या वाट्याला वर्षाला सात-आठ येतात. याउलट बाबूराव अर्नाळकरांनी एकट्याने हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्या त्या जगात पुस्तकामागे एकच मुडदा धरला, तरी तेवढे खून पुरवायला या दोन तालुक्यांना सव्वाशेहून अधिक वर्षे लागतील. रहस्यकथा अनोळखी, हुशार, निसटणारा खुनी विकते, कारण तो दुर्मीळ आहे. सर्रास आढळणारा खुनी शेजारच्या खोलीत असतो आणि त्याच्यावर अडीच तासांचा चित्रपट होत नाही.

तेव्हा या सगळ्या आकड्यांतून वाचकाने घरी न्यायचे ते एवढेच. कधी तुमच्या वाडीत, सोसायटीत काही विपरीत घडले आणि पोलीस वही घेऊन दारात आले, तर ते तुम्हाला त्या एकोणीस प्रश्नांपैकी एखादा विचारणार आहेत. गाडी पांढरी होती की करडी? आवाज दहाला आला की अकराला? उचलली जीभ लावली टाळ्याला असे करू नका. टीव्हीवर जे ऐकले ते स्वतः पाहिले म्हणून सांगू नका. आठवत असेल तेवढेच सांगा, आणि आठवत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणा. 'माहीत नाही' या उत्तराने तपास जिथल्या तिथे राहतो. अंदाजाने ठोकलेल्या उत्तराने खुनी घरी जातो.